कालिंदीबाईंचा ताप आणि इचलकरंजीची फायनल

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत कालिंदी शिरोळकर खेळाची शिक्षिका होती. वय पंचविशीच्या आत, अंगानं काटक, आणि आवाज असा की मैदानावर "पकड गं!" म्हणून ओरडली की रस्त्यावरचा टांगेवाला दचकून लगाम ओढायचा. तिला शाळकरी वयातच मधुमेह झाला होता. तेव्हापासून रोज काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यातून इन्शुलिनची बाटली काढायची आणि मांडीत सुई टोचून घ्यायची. घराबाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. आईचा, आक्काताईंचा, तसा हुकूमच होता.

"कुणापुढं बोलू नगंस. साखरेची पोरगी म्हटल्यावर कोण आपला उंबरा चढणार हाय?"

 कालिंदीला उंबऱ्यापेक्षा कबड्डीची मध्यरेषा जास्त प्यारी होती.

शहात्तर साली तिच्या पोरींनी कमाल केली. एकामागून एक शाळा लोळवत त्या थेट शाळांच्या कबड्डी स्पर्धेच्या फायनलला पोचल्या. सामना रविवारी, इचलकरंजीला, तिथल्याच तगड्या संघाशी. शाळेत नुसता दंगा उडाला. पोरी मधल्या सुट्टीत डबा सोडून 'कबड्डी कबड्डी' घुमवायला लागल्या.

आणि नेमकी त्याच आठवड्यात गावात तापाची साथ आली. घरटी एक माणूस अंथरुणाला. मंगळवारी कालिंदीचंही अंग ठणकायला लागलं, घसा धरला, ताप चढला. बुधवारी सकाळी घास घशाखाली उतरेना. तरी ती सवयीनं सिरिंजकडं हात नेऊ लागली, तशी आक्काताईंनी पातेलंच उचललं.

"पोटात अन्नाचा कण न्हाय आन् सुई कशाला टोचतीयास? साखर खाली जाऊन गपकन पडशील की!"

बोलणं पटण्यासारखं होतं. खाल्लंच नाही तर साखर वाढेल कुठून? कालिंदीनं सकाळची सुई चुकवली. संध्याकाळचीही.

गुरुवारी सकाळी तिला तहानेनं वेड लागायची पाळी आली. तांब्यामागून तांब्या रिता होत होता, तरी जीभ टाळूला चिकटलेली. मग उलट्या सुरू झाल्या. श्वास जोरजोरात चालला, तोंडाला पिकल्या फळासारखा वास मारायला लागला. तिनं कसंबसं उठून काचेच्या नळीत साखर तपासायचं निळं औषध घेतलं, लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळा रंग हिरवा झाला, पिवळा झाला आणि बघता बघता विटेसारखा लालभडक, म्हणजे साखर पार चढलेली!

"आई, रिक्षा आण. आत्ताच्या आत्ता!"

दवाखान्यात डॉक्टर हंबीरराव घाटगे यांनी नळीच्या रंगाचं ऐकलं आणि नाडी धरत विचारलं, "सुई कधी घेतली होतीस?"

उत्तर ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. पण रागावले नाहीत. तिला तिथंच खाटेवर घेतलं, सलाईन लावलं, इन्शुलिन दिलं, आणि मग आक्काताईंना समोर बसवलं.

"आक्काताई, तापात शरीर स्वतःच साखर वाढवतं. माणूस उपाशी असला तरी वाढते. म्हणून आजारपणात इन्शुलिन बंद करायचं नाही. किती घ्यायचं ते मला विचारायचं. भाकरी जात नसेल तर पेज द्या, ताक द्या, घोट घोट पाणी देत राहा. आणि तीन-चार तासांनी नळी तपासा. उलटी थांबेना किंवा पोरगी गुंगीत जायला लागली, तर घरी थांबायचं नाही."

"म्या माझ्या हातानं पोरीला मारत हुतो व्हय?" आक्काताईंचा आवाज फुटला.

"न्हाई हो. तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं."

दुपारनंतर उलट्या थांबल्या. त्या दिवसापासून आक्काताईंनी नळीचा ताबाच घेतला. लाल रंग नारिंगी झाला, तशी त्यांनी खाटेवरच्या कालिंदीला नळी उंचावून दाखवली. शुक्रवारी घरी आल्यावर पिवळा. शनिवारी हिरवा दिसला तेव्हा तर त्या "हिरवा! हिरवा गं!" असं ओरडत अंगणात पळाल्या. शेजारच्या अंबूबाईंना वाटलं, कुठंतरी देवाचा कौल लागला.

ताप उतरला होता. डॉक्टर म्हणाले, "जा. पण खेळायचं नाही, पळायचं नाही, फक्त बसायचं. आणि आई बरोबर पाहिजे."

रविवारी इचलकरंजीचं मैदान खच्चून भरलं होतं. मागच्या शेडमधल्या यंत्रमागांची खडखड चालू होती, त्यावर लोकांचा गलका. पहिल्या डावात कोल्हापूरच्या पोरी मागे पडल्या. कालिंदी खुर्चीच्या कडेवर आली, उभी राहिली, ओरडली. आणि मध्यंतराला तिचे हात थरथरायला लागले. अंगाला दरदरून घाम. दुपारचं जेवण उत्साहात अर्धंच झालं होतं.

"आई, साखर उतरलीया. गूळ दे."

आक्काताईंनी पदराच्या गाठीतला गुळाचा खडा तिच्या तोंडात कोंबला, मग साखरपाण्याचा पेला धरला. भोवती बायका जमल्या. कुणी म्हणालं भूतबाधा, कुणी म्हणालं उपास. आक्काताई गर्रकन वळल्या.

"काय बी बोलू नगा! माझ्या पोरीला साखरेचा आजार हाय. शाळंत असल्यापास्नं रोज सुई घेती. कालपरवा मरणाच्या दारातनं आलीया आन् आज पोरींसाठी हितं बसलीया. हाय का कुणाची छाती एवढी?"

बायका मागं सरल्या. कालिंदी आईकडं बघतच राहिली. थरथर हळूहळू ओसरली, तसं तिनं आईनं पुढं केलेले पोळीचे चार घास खाल्ले आणि पोरींना जवळ बोलावलं.

"डावा कोपरा कच्चा हाय त्यांचा. तानी, तिकडंच घुस. भिऊ नगंस!"

तानी चौगुले घुसली. एका चढाईत दोघी टिपल्या, पुढच्या चढाईत आणखी एक. मग समोरचा अख्खा संघ बाद होऊन लोण चढला आणि मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. शेवटच्या चढाईला समोरची धिप्पाड पोरगी निसटून मध्यरेषेकडं झेपावली आणि तानीनं तिचा घोटा असा धरला की दोघी धुळीत दिसेनाशा झाल्या. पंचाची शिट्टी वाजली. एका गुणानं!

पोरी किंचाळत आल्या आणि त्यांनी बाईंना सोडून आक्काताईंनाच उचललं. "आगं, सोडा की, पडंन मी!" म्हणत त्या हसत होत्या, रडत होत्या.

पुढं कालिंदीनं किती तरी वर्षं शाळेत मुली घडवल्या. सगळं ठाऊक असूनही पेठ वडगावच्या एका शिक्षकानं तिला मागणी घातली, आणि लग्नाआधी त्यानं हंबीररावांकडं जाऊन सुई टोचायची कशी ते शिकून घेतलं. आक्काताई मात्र पेठेत कुणाच्याही घरी ताप आला की विचारायच्या, "साखर हाय का कुणाला? सुई बंद क्येली न्हाई न्हवं?" आणि उत्तर येईपर्यंत दारातनं हलायच्या नाहीत.