डोमितिलाचा पूर

पाम्पाचाक्रा गावात डोमितिला वाराकचा आवाज ओळखत नाही असं माणूस सोडाच, मेंढरूही नव्हतं. चावडीवरचे कर्णे तिच्या ताब्यात. कुणाचं गाढव हरवलं, कुणी डुक्कर कापलं, कालव्याच्या कामाला कुणी यायचं, सगळं तीच सांगायची. आधी एक डोंगरी गाणं, मग सूचना, वर फुकटचे दोन टोमणे. लोक खरं तर टोमण्यांसाठीच कान देत.

गेल्या पावसाळ्यात मात्र तिने घोळ घातला. वरच्या हिमतळ्याचा बांध फुटल्याची आवई उठली आणि तिने शहानिशा न करता "पाणी आलं, पळा!" अशी बोंब ठोकली. लोक पडत-झडत डोंगरावर पळाले. सान्तुसा आजी घसरली, तिचा पाय मोडला. पाणी काही आलं नाही. तेव्हापासून कुणाचा हंडा लवंडला तरी "डोमितिलाचा पूर आला" म्हणत. ती हसण्यावारी न्यायची; पण आजीच्या कुबड्या दिसल्या की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या दुपारी वायरलेसवर तळ्याचा राखणदार फोर्तुनातो बोलला. "डोमितिला, बर्फाचा कडा तळ्यात कोसळलाय. डोळ्यांनी बघतोय मी. बांधावरून लाटा जातायत. बांध अजून उभाय, पण किती वेळ ते देव जाणे. गाव हलव."

हात सवयीने बटणावर गेला आणि गाणं सुरू झालं. चौकातून कुणीतरी ओरडलं, "आज डुक्कर कुणाचं गं?" गाणं तिने अर्ध्यावरच तोडलं. असं कधी झालं नव्हतं. चौकातली माणसं कर्ण्याकडे वळली.

"ऐका. गेल्या वर्षी मी न बघता ओरडले, चुकले. आज फोर्तुनातोने स्वतः पाहिलंय. कडा तळ्यात पडलाय, बांध अजून उभा आहे. फुटेलच असं मी म्हणत नाही. नाही फुटला तर उद्या याच कर्ण्यावरून मला शिव्या घाला. पण आत्ता दफनभूमीच्या टेकडीवर चला. नदीच्या रस्त्याने नको, शाळेमागच्या पायवाटेने. सामान नको. शेजाऱ्याची कडी वाजवा नि निघा."

लोक उंबऱ्यात आले आणि समोरच्या देवळाकडे बघत थबकले. पायरीवर तिचे वडील तेओफिलो बसले होते. या वर्षी संत इसिद्रोच्या मूर्तीच्या सेवेचा मान त्यांचा, आणि मानकरी उठल्याशिवाय कुणाचं पाऊल उचलणार नव्हतं.

"बाबा, उठा!"

"संताला टाकून?" म्हातारा तिथूनच गरजला. "आणि बँडाशिवाय संत देवळाबाहेर पडलाय कधी?"

जाऊन दंडाला धरून ओढावं असा राग आला तिला. पण माईक सोडला तर वरच्या आळीला कोण सांगणार?

"क्रिसोलोगो, तुतारी घे! मार्सेलिनो, ढोल! देवळापाशी या. संत इसिद्रो टेकडीवर निघालेत, चौघं खांदेकरी हवेत. पालखी निघाल्यावर घरात बसायची या गावात रीत नाही!"

ढोल वाजला आणि घरं ओस पडली. ती बोलतच राहिली. "एउलालिया, कोंबड्या सोड. त्या उडतील, तुला नाही उडता येणार."

वायरलेस खरखरला. "गेला! बांध गेला!"

ओरडायचं नाही, तिने स्वतःला बजावलं. "बांध फुटला. ढकलाढकली नको. भराभर चाला, थांबू नका." मग तिला आठवलं. "सान्तुसा आजीला कुणी घेतलंय?"

उत्तर द्यायला चौकात कुणी उरलंच नव्हतं.

माईक टाकून ती धावली. आजीचं दार उघडं होतं. अंथरूण रिकामं, कुबड्या जमिनीवर. तिने हाका मारल्या. पायाखालची जमीन थरथरू लागली. कुबड्या उचलून ती रडत पायवाटेला लागली.

वळणावर मिरवणुकीचं शेपूट दिसलं. चौघांच्या खांद्यावर पालखी हेलकावत होती आणि पालखीत सान्तुसा आजी, दांडा धरून खांदेकऱ्यांना शिव्या देत. मागे बाबा, पोटाशी अंगावरच्या घोंगडीच्या पोंचोत गुंडाळलेला संत.

"बघतेस काय?" ते धापा टाकत म्हणाले. "तो हलका आहे, ही नाही."

टेकडीवर पोचतात न पोचतात तोच खाली काळा चिखल गर्जत आला. चावडी कर्ण्यांसकट गेली. बँड थांबला.

"गप्प का गं?" आजी पालखीतून खेकसली. "सगळे आले का विचार. कर्णा गेला, तोंड आहे ना?"

डोमितिलाने डोळे पुसले. पहिलं नाव तोंडातून आपोआप निघालं.

"सान्तुसा आजी?"

"आले," आजी म्हणाली. "पुढचं घे."