मामांना कळणारी जनावरं

आमच्या चेन्नईतल्या मैलापूरच्या घरमालकांना जनावराच्या मनातलं जेवढं कळे, तेवढं त्या जनावरालाही कळत नसावं. रेल्वेत गार्ड म्हणून हयात घालवलेले, मूळचे तंजावरचे मराठी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे, म्हणून बँकेच्या बदलीवर पुण्याहून आलेले आम्हीही मामाच म्हणू लागलो. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ चालीवर डोलणारी. त्या मराठीत ते ठणकावून सांगत, की जनावरांना राग, लाज, मत्सर सगळं असतं. फक्त ती आपल्यापेक्षा चांगलं लपवतात, कारण त्यांना बोलायची खोड नसते. एकदा समोरच्यांची मांजर कठड्यावरून उडी मारताना चुकली आणि थेट कढीपत्त्याच्या कुंडीत पडली. बाहेर येऊन पंजा चाटत बसली, जणू तिला तिथेच उतरायचं होतं. आम्ही हसलो. मामांनी मला, माझ्या बायकोला आणि विजेचं मीटर बघायला आलेल्या गृहस्थांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "पावम," म्हणजे बिचारी, "लाजलीय ती. जाईपर्यंत कोणी वळायचं नाही." मीटरवाले मुकाट्याने उभे राहिले. मामांपुढे कोणाचं चालत नसे.

गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला दुखतंय, हेही त्यांनीच एका सकाळी जाहीर केलं. कुत्रा तर इडली खात होता, शेपूट हलवत होता. मामांचं म्हणणं, शेपूट जरा जास्तच हलतेय. दोन ऑटोवाल्यांनी कुत्र्याला घ्यायला नकार दिला, तिसऱ्याला मामांनी पटवलं. डॉक्टरांनी वरवर तपासून कुत्रा ठणठणीत ठरवला, पण मामा खुर्चीवरून उठेनात. शेवटी डॉक्टरांनी जबडा नीट उघडून पाहिला, तर मागची दाढ तुटून हिरडीत पू झाला होता. परतताना मामा रस्ताभर डॉक्टरांचीच बाजू घेत राहिले. कुत्र्याने इतकं बेमालूम सोंग केल्यावर त्यांनी तरी काय करायचं, म्हणाले.

त्यानंतरच्या वर्षी मामा जिन्याच्या वळणावर थांबून मला समोरच्या झाडावरची खार दाखवू लागले. रोज तीच खार, रोज तिचा कोणावर तरी नवा रुसवा. मीही थांबून कौतुकाने ऐकत असे. एका सकाळी तिथेच ते खाली बसले. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद झाल्या होत्या, आणि सहा महिने जिना चढताना त्यांच्या छातीत दुखत होतं. इस्पितळात मी जरा चिडूनच म्हटलं, "मामा, एकदा तरी सांगायचं."

मामा म्हणाले, "खार खरंच असायची हो तिथे."

ऑपरेशन नीट झालं. मुलगी त्यांना बेंगळुरूला आपल्याकडे घेऊन गेली. निघताना ऑटोत बसून मामा माझ्या तमिळची थट्टा करत होते, मी भर उन्हातल्या त्यांच्या मफलरची. ऑटो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते सोंग आम्हा दोघांनाही छान जमलं.