मोठ्या बाईंची घोरपड

एका घरात तीन जावा असल्या की भांडी आपटतात, असं लोक म्हणतात. आमच्याकडे भांडी कमी आपटली, किस्सेच साचले. सांगायचे कोणाला? माहेरी सांगितले तर आई रडते, सासरी सांगितले तर घर पेटतं! म्हणून तुम्हालाच सांगते.

सोनाळ्याला आमचा भाजीपाल्याचा मळा. घरात मोठ्या बाई, मी मधली आणि धाकटी मनीषा. मनीषाचा नवरा, सुनीलभाऊजी, खामगावहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आला. कॅसेट एकच. त्यात डोंगराएवढी घोरपड शहरात शिरते, बिल्डिंगांवर चढते, बुक्क्या मारून त्या पाडते आणि खिडकीतली माणसं खाते. बस्स!

"हात नका लावू, तुमच्या डोक्याचं काम नाई ते," भाऊजींनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष मळ्यात गेले आणि मनीषाने बटण दाबलं.

*

मोठ्या बाई म्हणजे अशी बाई, की घरात आहे की नाही कळायचं नाही. मनीषाने बळंच त्यांच्या हातात रिमोट दिला. पहिली बिल्डिंग पडली तेव्हा त्या दचकल्या. दुसरी पडली तेव्हा मांडी घालून बसल्या. चुलीवर वरण करपलं, तरी उठल्या नाहीत.

"काऊन बाई, कसं वाटलं?" मनीषाने विचारलं.

"हात मोकळे झाले माय!"

*

मग त्या बिल्डिंगांना नावं द्यायला लागल्या. "ही माह्या बापाची. सातवीतून काढलं मले." धडाम! आम्ही दोघी पोट धरून हसलो.

"ही त्या डाक्टरची. 'दुसरीबी पोरगीच हाय, पाडून टाका' म्हणे."

धडाम.

त्या दिवशी मग कोणी हसलं नाही.

*

घोरपडीची ताकद संपली की ती मरत नसे. बारकी होत होत तिचा माणूस व्हायचा आणि अंग झाकत पडद्याबाहेर निघून जायचा. मनीषाला त्याचं फार नवल. "म्हणजे आतमधी माणूसच होता बाई!"

मोठ्या बाई म्हणाल्या, "आपल्या इथं उलटं हाय वं. लगन लावून आणते तवा माणूस असते."

*

एकदा सासूबाईंनी पकडलं. दारात येऊन उभ्या. आम्ही तिघी गार! पण त्या आत आल्या आणि खाली बसल्या.

"काय खाऊन राह्यली हे?"

"माणसं, आत्याबाई."

"बायाबी?"

"हाव."

सासूबाई म्हणाल्या, "बायांत काय उरते खायले?" उठल्या आणि जाताना दार लोटून घेतलं. कोणाला काही बोलल्या नाहीत.

*

मशीन बंद होईपर्यंत सगळ्यात मोठा स्कोर पडद्यावर राहायचा. एका दुपारी भाऊजी अचानक दोन मित्र घेऊन आले. स्कोर पाहून मित्रांचे डोळेच फाटले. "सुन्या, हे तुह्यं हाय का बे?"

"मंग काय!" भाऊजी म्हणाले.

मोठ्या बाई चहा घेऊन आल्या होत्या. मनीषाला राहवलं नाही. "तो मोठ्या बाईंचा हाय."

काय हसले ते! "वहिनीले टीव्ही लावता येत नाई!"

मोठ्या बाईंनी ट्रे खाली ठेवला. पदर खोचला. एक रिमोट घेतला, दुसरा भाऊजींच्या हातात दिला. भाऊजींच्या घोरपडीने दोन बिल्डिंगा पाडल्या, तेवढ्यात बाईंनी अख्खं शहर झोपवलं! चहावर साय आली, कोणी कप उचलला नाही.

संध्याकाळी त्यांच्या नवऱ्याला, थोरल्या भाऊजींना कळलं. ते ओरडले नाहीत. विळा आणला, गेमची वायर कापली आणि म्हणाले, "पाव्हण्यांसमोर भावाची इज्जत घेतली हिनं." बाईंनी वायरीचे तुकडे झाडून काढले आणि भाकरी थापायला बसल्या. मनीषा मात्र नवऱ्याशी आठ दिवस बोलली नाही.

*

त्यानंतर महिन्याभराने आम्ही सगळे शेगावला दर्शनाला गेलो. दर्शन झालं, लॉजवर परत आलो. लॉज नवीनच, चार मजली. थोरले भाऊजी पुढे, आम्ही मागे. बघते तर मोठ्या बाई रस्त्यातच थांबलेल्या, मान वर करून.

"काय पाहून राह्यली? चाल लवकर!" थोरले भाऊजी खेकसले.

बाई भिंतीजवळ गेल्या. तळहाताने दोनदा थोपटून पाहिली. आणि आमच्याकडे वळून अगदी हळू म्हणाल्या,

"कच्ची हाय. दोन बुक्क्यांत खाली येते."