बाक काढणे

आमच्या घरी पाव फक्त आजाऱ्याला मिळे. अशा घरातला मी, पहिल्याच नोकरीत पाव कापायच्या सुऱ्या करू लागलो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. घरोघरी अजून पितळेला कल्हई चालू होती आणि स्टेनलेस म्हणजे नवलाई होती. ठाण्याजवळ कोलशेतला, खाडीच्या अंगाला, एक लहानसा कारखाना मुंबईच्या हॉटेलांसाठी स्टेनलेसच्या हातभर लांब सुऱ्या करी. मी डोंबिवलीहून जाई. नुकताच डिप्लोमा झालेला, त्यामुळे पोलादाने माझं ऐकलंच पाहिजे असा माझा समज होता. मालकांनी सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. काम जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार. इकडे कल्याणची एक मुलगी मला पसंत होती, पत्रिका जुळली होती, आणि तिच्या वडिलांना हवा होता तो फक्त पक्क्या नोकरीचा कागद.

आणि सुऱ्या वाकत होत्या.

हे पोलाद भट्टीत केशरी होईतो तापवायचं, बाहेर काढायचं, की नुसत्या हवेवर ते कडक होतं. भट्टीसमोर बागेत असतो तसला लोखंडी पट्ट्यांचा बाक होता, त्याच्यावर आम्ही सुऱ्या आडव्या मांडून निववत असू. निवलेली सुरी तपासणीच्या काचेवर ठेवून टोकाशी बोट दाबलं की टक् वाजे. टक् म्हणजे सुरीला बाक, म्हणजे सुरी बाद. कडक झाल्यावर ठोकून सरळ करायला जावं तर सरळ मोडे. ती टकटक डोक्यात इतकी बसली, की घरी जेवताना मी ताटाच्या कडेवर बोट दाबून पाहू लागलो. आईने एकदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं.

सहावा महिना लागला. मालक म्हणाले, "शनिवारी व्यापाऱ्याचा माणूस चाळीस सुऱ्या बघायला येतोय. त्या पास झाल्या तर तुम्ही राहिलात."

मी विचार करकरून ठरवलं, की सुऱ्यांसाठी येणाऱ्या पोलादाच्या पट्ट्याच मुळात वाकड्या असणार, त्या तापवण्याआधीच ठोकून सरळ करायच्या. गुरुवारी निघताना भट्टीवाल्या मामांसाठी फळ्यावर लिहिलं : भट्टी लावण्याआधी बाक काढणे. मामा शेजारच्याच बाळकुम गावचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना वाचता येई. मी त्यांना फळ्यावरूनच कामं सांगे, कारण तोंडी सूचना माणसं विसरतात असं मी शिकून आलो होतो.

शुक्रवारी मालकांच्या कामासाठी आधी ठाण्याच्या कचेरीत गेलो आणि दुपारी कारखान्यात पोचलो. बाक बाहेर कुंपणाशी पडला होता आणि त्याच्यावर एक कुत्रं झोपलं होतं.

"मामा, बाक का काढलात?"

"फल्यावर लिवलाय ना, बाक काढा. काढला."

मी कपाळावर हात मारला. "अहो, सुऱ्यांचा बाक."

"मंग तसा लिवाचा."

आत आडव्या नळाला तारेचे आकडे लावून, मूठ बसवायच्या भोकातून अडकवून, त्यांनी चाळीस सुऱ्या टांगल्या होत्या, सुकत घातलेल्या बोंबलांसारख्या. वारा लागू नये म्हणून दारंही लोटून घेतली होती. "ठेवाला जागा नव्हती," ते म्हणाले.

मी रडकुंडीला येऊन पहिली सुरी काचेवर ठेवली. टक् नाही. दुसरी, टक् नाही. चाळिसांत दोनच वाजल्या. तेव्हा कुठे उजेड पडला. बाकाच्या गार पट्टीला टेकलेली बाजू आधी निवे, वरची मागून, आणि त्या ओढाताणीत सुरी वाके. टांगली की चहूबाजूंनी सारखी निवते. मी सांगितलेली ठोकाठोक केली असती, तर पोलादात ताण भरला असता आणि तो भट्टीत बाहेर पडून सुऱ्या आणखी वाकल्या असत्या. हे सगळं डिप्लोमात होतं. पुस्तकातलं ते पान आठवलं, त्याच्यावर सांडलेली शाईसुद्धा आठवली.

त्या दोनांच्या जागी नव्या सुऱ्या करून घातल्या. शनिवारी त्या माणसाने चाळिसांवर बोट दाबून पाहिलं आणि मान हलवली. मालक खूश झाले. "टांगायची कल्पना कुणाची?"

मी तोंड उघडलं आणि "माझी" निघून गेलं. मामा शेजारीच उभे होते. "हां, सायबांनीच लिवला होता फल्यावर," ते म्हणाले.

कागद मिळाला. पहिला पेढा मामांना दिला आणि हळूच विचारलं, "मामा, खरं सांगा, तुम्हाला बसायचा बाक वाटला?"

"तीस वरसं लोखंड तापवतंय. दोन्ही बाक ठावं हायेत मना."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सा म्हयने झाले," पेढा तोंडात टाकत ते म्हणाले, "कुनी इचारला मना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नाची पहिली पत्रिका मी स्वतः बाळकुमला नेऊन दिली. मालकांना खरं काय ते मात्र कधीच सांगितलं नाही.