पाया पडायचा फुटबॉल

चहाला उकळी येईस्तोवर एक विचारू? फुटबॉलच्या आत काय असतं?

हसता काय? तुम्ही म्हणाल, वारा. बरोबर आहे. पण ह्याच एका प्रश्नापायी माझं लग्न बोंबललं असतं, आणि चूक सगळी माझ्या जिभेची. ऐकाच आता.

मी तेव्हा नुकताच मुंबईहून परत आलो होतो. शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तर कंटाळले म्हणून. मुंबईत एका खानावळीत वाढप्या होतो. खानावळीसमोर मोठं मैदान. तिथे फुटबॉलचा सामना असला की मी किटली घेऊन चहा द्यायला जायचो. रिकामे कप गोळा करताना जेवढा खेळ दिसेल तेवढा माझा अभ्यास!

आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, कशेडीचा चढ लागायच्या जरा अलीकडे. तिथे खेळ म्हणजे हुतूतू, नाहीतर आट्यापाट्या. मी परत आल्याबरोबर आईने मामाच्या मागे धोशा लावला आणि मामाने महाडचं स्थळ आणलं. मुलीचे वडील तात्या. बाजारपेठेत किराणा दुकान, शिवाय शाळेच्या कमिटीवर. मुलगी सुमन, सातवी पास. म्हणजे माझ्यापेक्षा तीन इयत्ता उंच!

बघायला गेलो. पोहे आले. मी तोबरा भरला आणि नेमकं तात्यांनी विचारलं, "मुंबईत काय करत होतात?"

आता मुलगी समोर बसलेली. वाढप्या होतो म्हणून कसं सांगू? म्हटलं, "फुटबॉलच्या ग्राउंडावर असायचो." खोटं होतं का सांगा!

तात्या पुढे सरसावले. "अरे वा! म्हणजे मुलांना शिकवायचात?"

तेवढ्यात पोह्यातली मिरची माझ्या दाताखाली आली. बोलता येईना. मी पाणी मागायला म्हणून मान हलवली, हात हलवले, डोळ्यांत पाणी आलं. मामाने लगेच खुलासा केला, "खेळाचं नाव काढलं की ह्याचे डोळे भरून येतात."

झालं! तात्या फुटबॉलवेडे निघाले. म्हणाले, "माणसाच्या आत काय आहे ते मैदानावरच कळतं. दिवाळीनंतर आमच्या शाळेची मुलं विरुद्ध तुमच्या वाडीची मुलं. तुम्ही शिकवा. मुलं नीट खेळली तर याद्या करू."

नाही खेळली तर काय, ते बोलले नाहीत. पण मामाने परतीच्या एस.टी.त सांगितलं, "नाय खेळली तर मी तुला वळखत नाय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तात्यांनी सरावाला म्हणून नवाकोरा कातडी बॉल कंडक्टरबरोबर धाडला. अख्खी वाडी आमच्या अंगणात गोळा! कुणी वास घेतला, कुणी कान लावला, एका कार्ट्याने चाटून बघितला. शेजारची भागीआजी काठीने टोचत म्हणाली, "आत काय हाय रे बाळ्या?"

"वारा."

"कुठला? मुंबईचा?"

"महाडचा, आजी."

"मेल्या, महाडचा वारा इथं आणून काय करायचाय? आपल्याला काय कमी हाय?"

"कोंडलेला वारा हाय तो. म्हणून उडतो."

"कोंडला कुणी? आणि शिरला कुठून?"

आता मला तरी कुठे ठाऊक! चामड्याला दोरीची शिवण होती, तिच्याकडे बोट दाखवलं. आजीने शिवणीला नाक लावलं. सगळे गेल्यावर मीही लावलं, खोटं कशाला बोलू?

आणि इथेच माझी जीभ वळवळली. तो दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, कुदळ, विळा सगळं धुऊन पाटावर मांडतात आणि पूजतात. मी मधोमध बॉल ठेवला. झेंडूचा हार घातला. भागीआजी म्हणाली, "हा कोण रे?"

मी गंभीर तोंड करून म्हटलं, "हा बॉलोबा. मुंबईत मोठमोठे साहेब लोक ऊर फुटेस्तोवर ह्याच्यामागं धावतात. का? नवसाला पावतो!"

नुसती गंमत हो! पण भागीआजीची म्हैस सकाळपासून दिसत नव्हती. तिने तिथल्या तिथे नवस बोलला. आणि दिवेलागणीला म्हैस दारात! आता ती म्हैस दर चार दिवसांनी हरवायची आणि आपल्या पायांनी परत यायची, हे रानातल्या माकडांनाही माहीत होतं. पण ह्या वेळचं पुण्य बॉलोबाच्या नावावर चढलं. रात्रीत नारळ फुटला, हळदकुंकू लागलं.

दुसऱ्या दिवशी पोरं जमली. मी ऐटीत बॉल खाली ठेवला, पाय उचलला.

"बाळ्याऽऽ!" भागीआजी काठी घेऊन धावली. "पूजलेल्याला लाथ मारतोस?"

"अगो आजी, कोयता पूजतो आणि दुसऱ्या दिवशी वापरतोच ना?"

"वापरतो. लाथ मारतोस काय कोयत्याला?"

ह्याला काय उत्तर आहे? तुमच्याकडे असेल तर सांगा, मला अजून सापडलेलं नाही. पोरांच्या आयांनी पोरं ओढून नेली. बॉलोबा वाजतगाजत देवळात गेला आणि देवीच्या शेजारी बसला. तिथून तो आणणार कोण? मी गेलो तर मलाच प्रसाद दिला!

सामना तोंडावर, लग्न टांगणीला, आणि बॉल नाही. दुसरा मागावा तर तात्यांना काय सांगू? तुमचा बॉल देव झाला?

परड्यात बसून डोकं खाजवत होतो, एवढ्यात वरून पपनस पडलं. धप्प! गोल, जाड सालीचं, बॉलापेक्षा थोडं लहान. पायाने ढकलून बघितलं. घरंगळलं की हो! मी झाडाकडे बघितलं. झाड बॉलांनी लगडलेलं!

आमच्या टोळीचा पुढारी पांडू. वयाने लहान, तोंडाने मोठा. तो म्हणाला, "बाळूदादा, सराव संपल्यावर ह्याचं काय करायचं?"

"खायचं."

मग काय विचारता! जी पोरं आयांनी बांधून ठेवली होती ती दोरी तोडून आली. पहिले दोन दिवस घोळ झाला. लवकर खायला मिळावं म्हणून सगळे पपनस फुटेल अशी लाथ घालायचे. मी नियम केला: फुटलं तर म्हशीला, शाबूत राहिलं तर तुम्हाला. त्या दिवसापासून पोरं पपनस असं अलगद पायात घोळवायला लागली की जणू झोपलेलं मूल हलवताहेत.

भात कापून झालं होतं. मोकळ्या शेतात भाऱ्यांच्या मधून पपनस न्यायचं. भाऱ्याला लागलं की बाद. चकवायला शिकवायचं तर आट्यापाट्या होत्याच, फक्त हात पाठीमागे बांधायचे. गोल राखणारा? त्याला मी भागीआजीच्या अंगणात बसवला. तिथे भात वाळत होतं आणि कोंबड्या टपलेल्या. एकही कोंबडी आत जाता कामा नये! बिचारा दिवसभर अशा उड्या मारायचा की रात्री झोपेत पण "हूऽश" म्हणायचा. आणि भागीआजी खूश. फुकटचा राखणदार!

मलाही मजा वाटायला लागली. रोज नवीन काय करता येईल? करवंटी लंगडीने ढकलली तर? बांधावरून पळत पपनस एकमेकांना दिलं तर? पडलं की चिखलात तोंड. पोरं हसून हसून लोळायची. मी खरंच मास्तर असतो तर मला हे सुचलं असतं का, देव जाणे.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. आपल्याकडे एखाद्याला पाय लागला की काय करतो आपण? वाकून त्याला हात लावायचा आणि हात छातीला. पोरं तेच करायची. लाथ लागली की थांबून नमस्कार, मग पुढे धाव. मला वाटलं, किती गुणी पोरं!

सामन्याच्या दिवशी सगळी वाडी महाडला. भागीआजी सुद्धा, कमरेला हळदकुंकवाचा करंडा. मैदानाच्या कडेला तात्या खुर्चीत, पांढरं धोतर, पांढरी टोपी. मागे सुमन आणि तिची आई.

शाळेच्या ड्रिलमास्तरांनी मधोमध बॉल ठेवला. नवा, कातडी, शिवणीचा. थेट देवळातल्याचा जुळा भाऊ!

शिट्टी वाजली. आमची सगळी पोरं वाकली आणि बॉलाच्या पाया पडली.

महाडच्या पोरांनी तोवर गोल केला.

"अरे मारा!" मी ओरडलो.

पांडू मैदानातून ओरडला, "बाळूदादा, पूजलेला हाय का कोरा?"

"कोरा! कोरा हाय!"

मग सुटली! काय पळाली सांगू! भाऱ्यांच्या मधून पपनस नेणारी पोरं ती, महाडच्या पोरांच्या मधून बॉल असा काढला की तात्या खुर्चीवरून उठले. पण पांडूचा पाय समोरच्याला लागला. पांडू थांबला, वाकला, नमस्कार केला. बॉल गेला! पुन्हा आणला, पुन्हा पाय लागला, पुन्हा नमस्कार. महाडची पोरं आधी हसली. मग त्यांनाही राहवेना, आईबापांनी त्यांनाही तेच शिकवलेलं. तीही वाकायला लागली. ड्रिलमास्तर शिट्टी तोंडात धरून बघत राहिले. हा फाऊल म्हणावा की संस्कार?

मध्यंतर झालं. आम्ही मागेच होतो. मी पोरांना पाणी देण्यात गुंतलो, आणि तेवढ्यात भागीआजी मैदानात शिरली. "पूजल्याशिवाय पावेल कसा?" म्हणत तिने बॉलाला ओलं कुंकू फासलं. चांगलं बचकभर!

शिट्टी वाजली. कुणी हलेना.

आमची पोरं म्हणाली, "आता पूजलेला हाय." महाडची पोरं पुढे आली, तर त्यांच्या आया कडेवरून ओरडल्या, "अरे थांब! कुंकू लागलंय त्याला!" दोन्ही संघ बॉलाभोवती हात जोडून उभे. ड्रिलमास्तरांनी पुन्हा शिट्टी मारली, मग त्यांनीही हळूच टोपी काढली.

तात्या माझ्याकडे बघत होते. सुमन बघत होती. मामा दुसरीकडे बघत होता, ओळख मोडायची तयारी!

माझं टाळकं फिरलं. मी मैदानात धावत गेलो. वहाणा काढल्या. बॉलाला नमस्कार केला, हो, केला! आणि डोळे मिटून, महाडच्या गोलाच्या दिशेने, आयुष्यातली पहिली लाथ मारली.

डोळे उघडले तर बॉल समोर नाही. मागे "आईगं!" ऐकू आलं.

तो गेला होता उलटा, थेट तात्यांच्या कपाळावर. टोपी जमिनीवर, आणि कपाळावर हा एवढा लाल टिळा!

मग पांडू धावला आणि तात्यांच्या पाया पडला. पाय लागला होता ना, बॉलामार्फत का होईना! त्याच्यामागे आमची सगळी पोरं रांगेत. त्यांच्यामागे महाडची. तात्या चिडणार तरी कसे? पाया पडणाऱ्याला आशीर्वादच द्यावा लागतो. दोन्ही संघांना "सुखी राहा, सुखी राहा" म्हणता म्हणता त्यांचा राग वाफेसारखा उडून गेला. भागीआजी कडेवरून ओरडली, "व्याह्यांना टिळा लागला गो! जमलं बाय जमलं!"

तात्यांनी कपाळ पुसत मला जवळ बोलावलं. "बाळाराम, तुम्ही कधी फुटबॉल खेळलाय का हो?"

मी सुमनकडे बघितलं. आता लपवून काय उरलं होतं? "नाय. चहा द्यायला जायचो."

"मग पोरं असं पळायला शिकली कशी?"

मी पपनसाचं सांगितलं. भाऱ्यांचं सांगितलं, कोंबड्यांचं सांगितलं. तात्यांची मान हळूहळू तिरकी झाली, कुतूहलाने. "म्हणजे बॉल झाडाला? आणि सराव झाल्यावर खायचा? खर्च?"

"काहीच नाय. उलट भागीआजीचं भात राखून झालं."

दुकानदार माणूस! त्यांनी मागे वळून विचारलं, "काय गं सुमन?"

ती पदर तोंडाला लावून इतकी हसत होती की तिच्या डोळ्यांत पाणी. मामा चटकन पुढे झाला, "बघा, खेळाचं नाव काढलं की हिचेही डोळे भरून येतात!" ओळख परत आली होती.

मार्गशीर्षात लग्न झालं. सामना आम्ही हरलो, हे सांगायचं राहिलं.

देवळाचं छप्पर बदललं तेव्हा बॉलोबा आमच्या देव्हाऱ्यात आला, तो अजून तिथेच आहे. पार चेपलाय, वारा कधीच निघून गेला. परवा नातीने त्याच्याकडे बोट दाखवून आजीला, म्हणजे आमच्या सुमनला विचारलं, "आजी, ह्याच्या आत काय होतं?"

सुमनने मान न वळवता ओटीकडे बोट केलं. मी तिथे बसून पांडूला मुंबईचा एक सामना मी कसा जिंकून दिला ते सांगत होतो.

"जे त्यांच्यात आहे तेच," ती म्हणाली. "फक्त ह्याचं निघून तरी गेलं."