भाऊजींचा अर्धा गुण

भाऊजींना मी शेवटचं भेटले ते त्यांच्या महाराजपूरच्या घरी, ते जाण्याच्या चार दिवस आधी. खरं तर त्या दिवशी मी त्यांची माफी मागायला गेले होते. दोन वर्षं लांबवलेली माफी. पण ताई, माझी मोठी बहीण, सगळा वेळ त्यांच्या उशाशी बसून होती आणि तिच्यासमोर ते बोलण्यासारखं नव्हतं. मग मी त्यांना मुगाचं पाणी पाजलं, जबलपूरच्या उन्हाला शिव्या घातल्या आणि सदर भागातल्या माझ्या घरी परतले. आता दीड महिना झाला. माफी माझ्याकडेच राहिली आहे.

विनायक काळमेघ, म्हणजे आमचे भाऊजी, सिविल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून बुद्धिबळ मांडायचं, हा त्यांचा नित्यनेम. अख्खी कचेरी त्यांच्याकडून हरली होती, पण त्यांच्या नावापुढे रेटिंग नव्हतं. रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा जगभर चालणारा आकडा. तो मिळवायचा तर अधिकृत स्पर्धेत रेटिंगवाल्या पाच जणांशी खेळायचं आणि निदान अर्धा गुण, म्हणजे एक बरोबरी तरी, पदरात पाडायची. आधी रजा मिळत नव्हती, मग ताईची आजारपणं सुरू झाली. बाहेरगावी जाऊन खेळणं कधी जमलंच नाही. निवृत्त झाल्यावर म्हणाले, स्पर्धाच इथे भरवतो. मी चिडवलं, "भाऊजी, या वयात रक्तदाबाचा आकडा सांभाळला तरी पुरे!" तर म्हणाले, "काहून? माणसाच्या नावापुढे एखादा आकडा नको का जी?"

स्पर्धा भरवायची म्हणजे क्लब हवा. आमच्या भागात क्लब नव्हता, होते फक्त भाऊजी. अर्जात क्लबच्या रकान्यात काय लिहायचं यावर ते दोन दिवस अडले. शेवटी तिथे स्वतःचंच नाव लिहिलं, सचिव म्हणून पुन्हा तेच, आणि पत्रकावर एकच मोबाइल नंबर, तोही स्वतःचाच. खेळाची घड्याळं नागपूरहून एसटीने पोत्यात आणली. एका शाळेचं सभागृह मिळालं. रेटिंगवाले एवढ्या लांब यायला तयार होईनात, तर भाऊजींनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं. रायपूरची दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आणि तिची आई ताईच्या खोलीत झोपल्या, आणि ताईने त्या पोरीला रोज गरम भाकरी वाढली.

पहिल्या दिवशी सकाळी भाऊजींनी स्वतःच माइकवर बजावलं, "मोबाइल बजा तो बाजी गई। सबके लिए।" सगळ्यांनी फोन टेबलावर जमा केले, त्यांनीही केला. पण मांडववाला, पाणीवाला, रस्ता चुकलेले पालक, सगळे त्याच नंबरावर. दोन डावांच्या मध्ये ते फोन परत घेत, बोलत, पुन्हा ठेवून येत. रेटिंगवाल्या चौघांशी ते हरले. पाचवी ही रायपूरची मुलगी. त्या डावात मात्र भाऊजींचं एक प्यादं जास्त होतं. पोरीने हात पुढे केला, "ड्रॉ, अंकल?" हो म्हणाले असते तर झालं होतं. पण आयुष्यात कधी घाई न केलेला माणूस. म्हणाले, "एक मिनट, बेटा," आणि पटाकडे पाहत बसले. फोन त्या वेळी त्यांच्या खिशात होता, ठेवायचा राहून गेलेला. आणि मी सदरच्या हलवायासमोर उभी होते. समोसे पन्नास सांगितलेत की साठ, हे मला आठवेना. मी फोन लावला.

खोके घेऊन सभागृहात शिरले तेव्हा सगळे उभे होते. इंदूरहून आलेले पंच खाली मान घालून म्हणत होते, "सर, पहले दिन आप ही ने बताया था..." भाऊजी म्हणाले, "बिल्कुल। लिखिए।" आणि सही करून मोकळे झाले. मुलगी रडत होती, मला नको असं जिंकलेलं, म्हणत होती. ताईने विचारलं, "कोणाचा होता हो फोन?" भाऊजींनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "विमेवाल्याचा," ते म्हणाले. "लोक काय काय विकून राहिले आजकाल. कुंदा, गरम आहेत ना? चलो, वाटायला घे."

एकही गुण नसला तर ती स्पर्धा रेटिंगसाठी धरतच नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा खटपट केली. सभागृह मिळालं नाही, खेळाडू आले नाहीत, मग छातीचं दुखणं आलं. नंतर कोणी ते मनावर घेतलं नाही, आणि घेईल असं मला वाटतही नाही. तो विषय त्यांनी माझ्यापाशी एकदाही काढला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. खेळाडूंच्या जागतिक यादीत त्यांचं नाव अजून आहे. मी फोनवर रोज उघडून पाहते. काळमेघ, विनायक. पुढे आकडा नाही.

तेराव्याला ताई मला म्हणाली, "एवढी एकच हौस होती गं त्यांची. त्या विमेवाल्याचं वाटोळं होवो." मी म्हटलं, "होवो."

ताईला आता छापलेलं दिसत नाही. नागपूरच्या पेपरची रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारी येते, आणि भाऊजी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून ती तिला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवत. आता त्या खुर्चीत मी बसते. हा लेख छापून आला की हाही वाचावा लागेल, त्यांच्यावरचा आहे म्हटल्यावर ती दोनदा वाचायला लावेल... मी माझ्याच जिवाला ओळखते. माफीचं सगळं गाळत हलवायाच्या दुकानापर्यंत येईन, आणि तेवढा भाग सोडून पुढचं वाचेन.