खांद्यावरचं मशीन

भूमच्या एसटी स्टँडकडून बाजाराकडं येताना डाव्या हाताला कडूबाईचं वेल्डिंगचं दुकान लागतं. दुकानाची पाटी नवऱ्याच्या नावाची, आत काम बायकोचं आणि दारात तोंड दिराचं. कडूबाई काचेआडून ठिणग्या उडवत असायची आणि धाकटा दीर बब्रुवान उंबऱ्यात उभा राहून गिऱ्हाइकाला सांगायचा, "मी काय म्हणतो, आमी जोडलेलं लोखंड तुटत न्हाय! तुटलं तर शेजारून तुटंल!" ह्या बब्रुवाननं उभ्या जन्मात वेल्डिंगचा रॉड पेटवला नव्हता. उदबत्ती लावतानासुद्धा तो काडी हातभर लांब धरायचा.

पण त्याच्यावाचून अडायचं, आणि अडायचं ते मशीनमुळं. जुनं तेलाचं मशीन होतं. आत तांब्याची वेटोळी, त्यावर तेल, खाली नावाला चार चाकं. म्हशीला उठवणं सोपं, त्याला हलवणं अवघड. तेच टेंपोत चढवताना कृष्णराजची, म्हणजे कडूबाईच्या नवऱ्याची, कंबर 'कट्ट' करून गेली आणि तो दुकानातल्या बाजेला लागला. तोवर कडूबाई नुसती गेटाचा अँगल धरून उभी राहायची. त्या दिवसानंतर तिनं रॉड धरायचा होल्डर हातात घेतला. तिचा पहिला टाका बघून कृष्णराज बाजेवरनं म्हणाला, "अगं, ही तर गांडुळं मेल्यावानी दिसायलीत."

"मेली तर मेली. चिकटून मेलीत न्हवं?" कडूबाई म्हणाली आणि दुसरा रॉड लावला.

हळूहळू टाके सरळ झाले. बाजारातल्या बायका तिला 'वेल्डरीण' म्हणून हाका मारायला लागल्या, आधी चिडवायला आणि मग सवयीनं. पण कुणाच्या शेतात, कुणाच्या गोठ्यावर काम निघालं की पुन्हा गाडं बब्रुवानपाशी. मशीन उचलायला बब्रुवान आणि त्याचे दोस्त, टेंपो बब्रुवानच्या दोस्ताचा. त्यामुळं कुठं जायचं, कधी जायचं, कुणाला टोलवायचं, सगळं तो ठरवायचा. त्याला कुठं बारशाचं जेवण असलं की गिऱ्हाइकाला म्हणायचा, "उद्या बघू." मग कडूबाई बाह्या खाली करून दिवसभर बसून राहायची.

ह्याच तिरमिरीत एक दिवस ती एकटीच बार्शीला गेली आणि इन्व्हर्टरचं नवं वेल्डिंग मशीन घेऊन आली. केवढं? बाळंतिणीच्या डब्याएवढं. वर खांद्याला लावायचा पट्टा. एसटीत ते मांडीवर घेऊन बसली तर कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्या पेटीचं तिकीट?"

"पेटी मांडीवर हाय, आन मांडीचं तिकीट काढलंय. पुढं व्हा."

दुकानात बब्रुवाननं ते मशीन चारी बाजूंनी न्याहाळलं, टिचकी मारली, आणि जमलेल्या चार टाळक्यांकडं बघत म्हणाला, "मी काय म्हणतो वैनी, ह्याच्यात भाकरी खाली ठेवायच्या का वर?" टाळकी खिदळली. कडूबाई मनातल्या मनात चांगलं खमंग उत्तर परतत होती.

तेवढ्यात खव्याच्या भट्टीवाला महांतप्पा धापा टाकत आला. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं घाईचं, आणि घाई झाली की मराठीत कानडी सूर. "अहो बब्रुवान, कढईखालची लोखंडी घोडी मोडली की हो! तिचा एक पाय निखळून आला. कढई तिरकी, दुधाचे क्यान दारात. चला की लगेच!"

बब्रुवाननं दाढी खाजवली. महांतप्पाची भट्टी गावाबाहेरच्या खडकाळ बरडावर, वर जायला नुसती पायवाट. "तिथं टेंपो चढत न्हाय. घोडी उपसून खाली आणा. उद्या बघू."

"दुधाला उद्या कळत न्हाय हो!"

"मी येते," कडूबाई म्हणाली.

"ह्या डब्यानं?" बब्रुवान हसला. मग हसू आवरून, छाती काढून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ठरलं मग. हे खेळणं तिथं चाललं, तर हितनं पुढं तुमचं मशीन, तुमचं गिऱ्हाईक, मी मधी तोंड घालणार न्हाय. आन न्हाय चाललं, तर डबा परत बार्शीला आन मी म्हणंल तिथंच काम. बोला!"

"कशाला पैजा लावायलात रे," बाजेवरनं कृष्णराज कण्हला.

"ठरलं," कडूबाई म्हणाली. पट्टा एका खांद्याला अडकवला, केबलचं भेंडोळं दुसऱ्या खांद्यावर टाकलं, रॉड-काच-हातोडीची पिशवी हातात घेतली आणि निघाली. मागं महांतप्पा, त्याच्या मागं रिकाम्या हातांचा बब्रुवान, आणि त्याच्यामागं ती चार टाळकी. कामधंदे सोडून तमाशा बघायला भूममध्ये माणसं कधी कमी पडत नाहीत.

भट्टीवर पोचल्यावर कडूबाई वायर जोडायला वाकली, तर महांतप्पा आडवा आला. "थांबा अक्का! नवं मशीन पहिल्यांदा माझ्या दारात लागतंय. पूजा केल्याबिगर ठिणगी न्हाय." घरातनं हळद-कुंकू आलं, नारळ आला, आणि त्याच्या स्वतःच्या वावरातल्या झेंडूचा हार आला. हार म्हणजे बैलपोळ्यालाही जास्त व्हावा एवढा. महांतप्पानं तो मशीनला पुढून मागून असा गुंडाळला की करंटचं बटण तेवढं मुंडावळ्यांतल्या नवरदेवाच्या नाकासारखं बाहेर राहिलं. नारळ फुटला. कडूबाईनंही हात जोडले. नव्या यंत्राला फूल वाहायचं नाही तर काय करायचं?

बरडावर वीज जेमतेम. भट्टीतला बल्ब विडीच्या टोकासारखा लाल. असल्या विजेवर जुनं मशीन 'घूंऽऽऽ' करून नुसतं कण्हायचं. कडूबाईनं काच डोळ्यांसमोर धरली, रॉड टेकवला, आणि 'चर्रर्र' आवाज झाला. कढईत पडलेल्या जिऱ्यासारखा, सलग, गोड. काचेआडून तिला लोखंड वितळून ओलं झालेलं दिसलं. घोडीचा निखळलेला पाय एका बाजूनं चिकटला.

"अय्यो, लागलं की!" महांतप्पा ओरडला. बब्रुवाननं आभाळाकडं बघितलं. आभाळात काही नव्हतं.

दुसरी बाजू धरली. तिसरी अर्ध्यावर आली आणि 'चर्रर्र' आवाज तुटला. रॉड नुसता काळा. मशीनवर पिवळा दिवा लागला आणि तसाच राहिला.

आता बब्रुवानला कंठ फुटला. "मी काय म्हणतो! जीव केवढा, घास केवढा! चला वैनी, उचला. बार्शीची गाडी मिळंल अजून." टाळक्यांपैकी एकानं कंडक्टरसारखी शिट्टी मारली. महांतप्पा दुधाच्या क्यानांकडं बघत राहिला. क्यानांवर माशा घोंगावायला लागल्या होत्या.

कडूबाईला पुढचं दिसायला लागलं. पुन्हा तो उंबरा, पुन्हा ते 'उद्या बघू.' ती मशीनसमोर उकिडवी बसली. आतला पंखा फिरत होता, पण दमेकऱ्यासारखा. तिनं मागं हात धरला. वारा नाही. नाकाला वास आला तो गरम झालेल्या झेंडूचा. हाराची पाकळीन् पाकळी मागच्या जाळीला चिकटली होती.

तिनं हाराला हात घातला.

"हार काढू नका अक्का!" महांतप्पा कळवळला. "काम अर्ध्यावर हाय! अपशकुन होतोय!"

"वैनी, देवाचा हार हाय तो," बब्रुवानही एकदम भाविक झाला. "जनाची न्हाय तर देवाची तरी..."

"देवाला दम लागत न्हाय भावजी, मशिनीला लागतो," कडूबाई म्हणाली. हार एका झटक्यात ओढून तिनं महांतप्पाच्या ओंजळीत टाकला. जाळीतल्या पाकळ्या नखानं एकेक उपटून काढल्या. "आन आता कुणी फूल, अक्षता, अंगारा, काय बी घेऊन जवळ आलं, तर पहिला टाका त्याला मारीन."

पिवळा दिवा तसाच होता.

"गेलं," बब्रुवान म्हणाला.

"मोकळं झालंय. दम घेऊ द्या त्याला," कडूबाई म्हणाली आणि मशीनपुढं मांडी घालून बसली, लहान मूल जेवायला लागेपर्यंत आईनं बसावं तशी. पंख्याचा आवाज हळूहळू भरून यायला लागला. तिच्या पालथ्या हाताला गरम झळ लागत होती, ती कोमट झाली. आणि दिवा विझला.

मग तिनं मागं वळून कुणाकडं बघितलं नाही. राहिलेली बाजू धरली, चौथी धरली, वरून अजून एक फेर मारला. हातोडीनं खपली उडवली. खाली टाका निघाला तो माशाच्या पाठीसारखा.

बब्रुवाननं भट्टीशेजारी पडलेला घण उचलला. "बघू की किती दम हाय." त्यानं पायावर एक हाणला. घोडी वाजली, हलली नाही.

"हाणा," कडूबाई म्हणाली. "अजून हाणा. माझ्यासमोर हाणा, माघारी न्हाय."

त्यानं आणखी दोन हाणले. मग मनगट चोळत घण खाली ठेवला. महांतप्पानं कढई चढवली, दूध ओतलं, खाली जाळ केला. कढई सपाट बसली होती. दूध एका अंगाला झुकलं नाही.

समोरच्या बरडावर दुसरी भट्टी. तिथला माणूस इतका वेळ धुराआडून बघत होता. त्यानं तोंडाजवळ हात धरून हाक घातली, "ओ बब्रुवाऽऽन! आमची बी घोडी बघायची हाय! कधी येताऽऽ?"

बब्रुवानचं तोंड सवयीनं उघडलं. "मी काय..." एवढं बाहेर आलं. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं वळल्या. पुढचं तो गिळून बसला.

कडूबाईनं पट्टा खांद्याला अडकवला, केबल गोळा केली. "आलेऽऽ!" तिनं समोरच्या बरडाला उत्तर दिलं आणि पायवाटेनं खाली उतरायला लागली.